खोकल्याची बाटली आणि एक मिनिट

पाऊस ओसरू लागला की माझ्या दवाखान्यात दिवसातून कितीतरी वेळा एकच वाक्य ऐकू येते: "डॉक्टर, छातीत कफ भरलाय, एखादी चांगलीशी बाटली लिहून द्या." आपल्या इंदूरात ते अर्धे मराठीत आणि अर्धे हिंदीत येते, इतकेच. पाच वर्षांखालील मुलाला साध्या सर्दी-खोकल्यासाठी ही बाटली देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत तसेच आई-वडील, आजी-आजोबाही आहेत. दोघांनाही ते एकदमच सांगता यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया परिसरात, जे घडले ते कोणी विसरले नसेल. ताप, सर्दी, खोकला एवढीच तक्रार असलेल्या मुलांची औषध घेतल्यावर काही दिवसांत लघवी बंद झाली आणि मूत्रपिंडे निकामी झाली. कित्येकांना नागपूरला हलवावे लागले. वीसहून अधिक मुले दगावली, त्यांतील बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८ टक्क्यांहून अधिक निघाले. हे विष आपल्याला नवे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा बळी गेला होता आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यानिमित्ताने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली होती.

परासियात औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना अटक झाली तेव्हा वैद्यकीय संघटनांनी निषेध नोंदविला. बाटलीत कारखान्याने काय भरले आहे, हे डॉक्टर तपासू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. जबाबदारी कोणाची, ते न्यायालय ठरवील. पण त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला: बाटली शुद्ध असती, तरी ती इतक्या लहान मुलांना द्यायला हवी होती का? लेबलाप्रमाणे तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन होते. या शेवटच्या दोन द्रव्यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, हे औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळविले होते. छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सामान्यतः देऊ नयेत, असे बजावले.

"लिहून दिले नाही तर रुग्ण समोरच्याकडे जातो," असे माझे व्यवसायबंधू म्हणतात. जातो, हे खरे आहे. मी तसे जाताना पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेच परत आलेलेही पाहिले आहेत. बाटली न देता पाच मिनिटे समजावून सांगायला गर्दीच्या वेळी जिवावर येते, ही खरी अडचण आहे. रुग्णाच्या आग्रहाचे नाव पुढे करून ती झाकण्यात अर्थ नाही.

खोकला हा श्वासमार्ग साफ ठेवण्याचा शरीराचा स्वतःचा उपाय आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलालाही वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होऊ शकते आणि प्रत्येक वेळचा खोकला दोन, क्वचित तीन आठवडे रेंगाळतो. गणित मांडा, म्हणजे "हा तर बाराही महिने खोकतो" या तक्रारीचा उलगडा होतो. चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, थोडे थोडे कोमट पाणी, अंगावरचे दूध चालू, आणि एक वर्ष पूर्ण झाले असेल तर रात्री निजताना अर्धा चमचा मध, एवढे पुरे. वर्षाच्या आत मात्र मध चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम हा दुर्मीळ पण घातक आजार होऊ शकतो. आजीबाईच्या बटव्याचा मी अनादर करीत नाही, फक्त नाकात तेल सोडणे तेवढे बंद करावे. ते फुप्फुसात उतरते.

मग न्यूमोनिया ओळखायचा कसा? खोकल्याच्या आवाजावरून तो कळत नाही, श्वासावरून कळतो. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, त्याचा सदरा वर करून पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, पिणे सोडले असेल, सुस्त पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

आपल्या माळव्यात बाया म्हणतात, "बच्चे की पसली चल रही है." बरगड्यांखालचा भाग आत जाण्याचे याहून नेमके वर्णन मला पाठ्यपुस्तकात आढळले नाही. निरीक्षण इतके अचूक असूनही मध्य प्रदेशाच्या आदिवासी भागांत त्यावर तापल्या लोखंडाच्या डागण्या दिल्या जातात, हे आपले दुर्दैव.

श्वास मोजायला डॉक्टरच लागतो असेही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत अक्षरओळख नसलेल्या सुईणींना हे शिकविले. आकडे मोजता येत नाहीत म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले एक साधे उपकरण बनविले. गावपातळीवरच न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक दिल्याने बालमृत्यू घटतात, हे त्यांनी १९९० साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले. आपल्या सुशिक्षित घरांत भिंतीवर घड्याळ असते आणि हातात मोबाईल.

काही खोकले वेगळे असतात. रात्री वारंवार उसळणारा, शिट्टीसारखा आवाज करणारा खोकला बहुधा दमा असतो. घरचे त्याला "ॲलर्जी" म्हणतात आणि इन्हेलरचे नाव काढताच दचकतात. खेळता खेळता अचानक ठसका लागून सुरू झालेल्या खोकल्यात श्वासनलिकेत काही अडकले असेल का, हे आधी पाहावे. पोह्यांतले शेंगदाणे हे आपल्या शहरातले त्याचे हमखास कारण, म्हणून चार वर्षांच्या आत ते अख्खे देऊ नयेत.

आता आपल्या मंडळाविषयी. वस्त्यांमधील मोफत तपासणी शिबिरांत औषधांच्या टेबलावर नमुन्याच्या बाटल्यांची रांग लागते, आणि मुलांच्या खोकल्याची बाटली सर्वांत आधी संपते. येत्या थंडीतल्या शिबिरात ती तिथे नसावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे. त्या जागी एक खुर्ची ठेवावी, भिंतीवर सेकंदकाट्याचे मोठे घड्याळ लावावे, आणि येणाऱ्या प्रत्येक आईकडून तिच्याच मुलाचे श्वास एकदा मोजून घ्यावेत. खुर्चीशेजारी मी दिवसभर उभा राहायला तयार आहे. आणखी दोघांची नावे हवी आहेत.