मासा जगला, पण औषध गेलं कुठं?

यंदा आमच्या चौथीच्या वर्गात काचेच्या टाकीत अकरा मासे ठेवले. पावसाळ्यात दोघांच्या अंगावर कापसासारखी बुरशी आली. दुकानातून हिरवट औषध आणलं, थेंब मोजून टाकले, आठवड्यात मासे बरे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकीने मात्र विचारलं, "बाई, औषध गेलं कुठं?" मी सांगून टाकलं, "पाण्यात विरलं." उत्तर अर्धवट होतं.

अशा औषधांत बऱ्याचदा मॅलाकाइट ग्रीन असतं. मुळात हा रेशीम आणि कातडं रंगवायचा रंग. बुरशीवर जालीम, म्हणून मत्स्यशेतीतही शिरला. माशाच्या शरीरात त्याचं बिनरंगी रूप तयार होतं आणि ते चरबीत, मांसात बराच काळ टिकतं. युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी त्याला परवानगी नाही ती यामुळेच.

बाहेरचं रसायन आलं की यकृतातली काही जनुकं कामाला लागतात. जनुक म्हणजे पाककृती समजा, तिच्यावरून विकरं बनतात. सीवायपी-१ए हे विकर विषाच्या रेणूत फेरफार करतं. जीएसटी गटातली विकरं त्याला ग्लुटाथायोन जोडतात, मग तो पाण्यात विरघळून बाहेर टाकता येतो.

जनुक जोरात चालू झालं म्हणजे मासा कणखर झाला, असं मात्र नाही. ती धोक्याची घंटा आहे. शास्त्रज्ञ माशातलं सीवायपी-१ए मोजून नदीचं प्रदूषण ओळखतात. आणि धुरातलं बेंझोपायरीन तर याच विकरामुळे जास्त घातक बनतं!

(फॉर्मेलिन म्हटलं की लोकांना २०१८ चं गोव्याचं प्रकरण आठवतं. तो मेलेला मासा टिकवण्याचा प्रश्न होता. जिवंत माशांच्या परजीवींवरही फॉर्मेलिन वापरतात, तिथं त्याचा मारा कल्ल्यांवर होतो.)

मला वाटतं, "औषध टाकलं, रोग गेला" इथं आपण धडा संपवतो हेच चुकतं. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी शेततळं आहे, त्यात रोहू-कटला आहे. त्या पालकांना नुसतं "वापरू नका" सांगून भागणार नाही. ही बुरशी धडधाकट माशाला सहसा धरत नाही. जाळं ओढताना खवले निघालेला, गर्दीत गुदमरलेला मासा तिला सापडतो. म्हणजे आधी गर्दी कमी करा, पाणी सुधारा, हात लावताना जपा. औषधाची बाटली सगळ्यात शेवटी.

आमच्या टाकीत आता चारच मासे आहेत, बाकीचे दुसऱ्या वर्गांना दिले. परवा एकाला पुन्हा बुरशी दिसली, तेव्हा मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवला. तीच मुलगी लगेच म्हणाली, "बाई, मग मीठ कुठं जातं?" या वेळी मी उत्तर दिलं नाही. प्रश्न फळ्यावर लिहून ठेवलाय, शनिवारी शोधणार आहोत.