‘स्टँडबाय’ म्हणजे परवानगी नव्हे

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही, मनोरा नाही, नियंत्रक नाही. तरीही जिल्ह्याचे आकाश रिकामे नसते. प्रचाराचे दिवस आले की आष्टीपासून परळीपर्यंत चुन्याने ‘एच’ आखलेल्या मैदानांवर हेलिकॉप्टरे उतरू लागतात. नकाशावर बारामतीहून नांदेडला सरळ रेघ ओढली, तर ती केज आणि परळीला जवळजवळ स्पर्श करून जाते. या सगळ्यांच्या खूप वर मोठी प्रवासी विमाने मुंबईच्या नियंत्रकांशी बोलत निघून जातात. खालच्या थरात मात्र कोणी काही विचारत नाही. आपण आपले स्थान सांगायचे, आसपास आणखी कोणी असेल तर त्याने ऐकायचे आणि डोळे उघडे ठेवायचे, एवढेच.

या शांततेची सवय झालेला वैमानिक एक दिवस उत्तरेला निघतो आणि अर्ध्या तासाच्या आत छत्रपती संभाजीनगरच्या नियंत्रित आकाशाच्या कडेशी येऊन पोहोचतो. त्या कडेवर काय बोलायचे, किती लवकर बोलायचे आणि काय ऐकू आल्याशिवाय आत शिरायचे नाही, यावर या महिन्यात लिहायचे आम्ही ठरवले. खासगी परवान्यावर उडणारे, छोटी हेलिकॉप्टरे चालवणारे आणि नव्याने परवाना हाती आलेले असे तिन्ही प्रकारचे वाचक आम्हाला प्रश्न विचारतात, आणि बहुतेक प्रश्न या कडेवरचेच असतात.

आधी अंतराचा हिशेब. बीड शहरापासून संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ५६ सागरी मैल, म्हणजे शंभर किलोमीटरहून थोडा जास्त. आपला व्हीएचएफ रेडिओ दृष्टीच्या रेषेत चालतो. फुटांमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून १.२३ ने गुणले की त्याचा पल्ला सागरी मैलांत मिळतो. जमिनीपासून १००० फुटांवर हा पल्ला जेमतेम ३९ मैल येतो. याचा अर्थ, बीडवर हजार फुटांवरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरने कितीही हाका मारल्या तरी त्या चिकलठाण्याला पोहोचणार नाहीत. जमिनीपासून साधारण २१०० फूट गाठले तर कागदावर पल्ला जुळतो. बालाघाटाची एखादी सोंड मध्ये आली तर तोही जुळत नाही. उत्तर येत नाही म्हणून रेडिओ बिघडला असे समजणारे आणि ‘हाक मारली होती, कोणी बोलले नाही’ एवढ्या आधारावर पुढे जाणारे, दोघांनीही हा गुणाकार करून पाहावा.

उंची घेतली, संपर्क झाला, आता स्थान सांगायचे. इथे आपल्या भागातली मंडळी गावाचे नाव सांगून मोकळी होतात. मनोऱ्यात बसलेला नियंत्रक केरळचा असेल, बिहारचा असेल. त्याच्यासमोर शहागड हे नाव आले तर त्याला काय कळणार? गोदावरीवरचा शहागडचा पूल आपल्याला वरून स्पष्ट दिसतो, धुळे–सोलापूर महामार्ग तिथेच नदी ओलांडतो. पण नियंत्रकाला हवे असते ते असे : विमानतळापासून ३४ मैल, दक्षिण-आग्नेयेला, अमुक उंचीवर, उतरण्यासाठी येत आहे, अमुक वाजता पोहोचेन. गाव आपल्या नकाशासाठी. दिशा आणि अंतर त्याच्या चित्रासाठी. दाबण्याचे बटण हाताला लागण्यापूर्वी हे वाक्य डोक्यात पूर्ण तयार असले पाहिजे. बोलता बोलता शोधत बसलो की वारंवारता अडते आणि दुसऱ्या कोणाची तरी महत्त्वाची हाक दाबली जाते.

आता मुख्य मुद्दा. नियंत्रक तुमचे ऐकतो आणि तुमची हाकसंज्ञा उच्चारून म्हणतो, ‘स्टँडबाय’. पुढे जायचे की नाही?

भारतात याचे उत्तर एकच : नाही. आपल्याकडे विमानतळांभोवतीचे नियंत्रित क्षेत्र ‘डी’ वर्गात मोडते आणि तिथे डोळ्यांनी पाहून उडणाऱ्यालाही प्रवेशाची स्पष्ट परवानगी लागते. ‘स्टँडबाय’चा अर्थ ‘थांबा, मी तुम्हाला हाक देईन’. त्यात होकार नाही, नकारही नाही. परवानगी येईपर्यंत कडेबाहेर घिरट्या घालायच्या.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण अमेरिका आहे. मराठवाड्यातून, पुण्यातून, नागपुरातून कितीतरी मुले फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियात जाऊन उड्डाण शिकतात आणि परत येऊन परवाना इथल्या नियमांत बदलून घेतात. अमेरिकेत ‘सी’ आणि ‘डी’ वर्गांसाठी दुतर्फा संपर्क प्रस्थापित होणे पुरेसे मानले जाते. तिथल्या नियंत्रकाने हाकसंज्ञा घेऊन ‘स्टँडबाय’ म्हटले की संपर्क झाला, आत शिरायला हरकत नाही. हाकसंज्ञा न घेता नुसते ‘थांबा’ म्हटले तर मात्र बाहेरच. ही गोष्ट त्या मुलांच्या हाताला दोनशे तासांत इतकी बसते, की इथे येऊनही तोच शब्द ऐकून हात पुढेच सरकतो. त्यात त्यांच्या हुशारीचा दोष नाही. दोष आहे तो परवाना बदलताना हा फरक त्यांच्याकडून प्रत्यक्ष माइकवर घटवून न घेणाऱ्या प्रशिक्षणाचा. प्रशिक्षकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : परदेशातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कडेबाहेर पाच मिनिटे घिरट्या घालायला लावा. ११० नॉटच्या वेगाने पाच मिनिटांत नऊ मैल कापले जातात, म्हणून पहिली हाक त्या हिशेबाने आधी द्यावी लागते, हे त्याला तिथेच कळेल.

दुसरा गैरसमज इथलाच आहे. उड्डाणापूर्वी एफआयसी आणि एडीसी क्रमांक मिळवले की ‘परवानग्या झाल्या’ असे बोलण्याची पद्धत पडली आहे. हे क्रमांक आवश्यक आहेतच. पण एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी. नियंत्रित क्षेत्रात शिरण्याची परवानगी त्या त्या वेळी, त्या नियंत्रकाकडूनच मिळते.

परवानगी आली की ती परत वाचून दाखवायची. काय वाचून दाखवायचे याबद्दल आंतरराष्ट्रीय नियमांत संदिग्धता ठेवलेली नाही : मार्गाची परवानगी, धावपट्टीवर जाणे, उतरणे, उड्डाण करणे, ओलांडणे किंवा तिच्याअलीकडे थांबणे याविषयीची प्रत्येक सूचना, वापरातली धावपट्टी, क्यूएनएच, ट्रान्सपॉन्डरचा कोड, उंची, दिशा, वेग. इथे ‘रॉजर’ चालत नाही. ‘रॉजर’ने एवढेच कळते की तुमचे बोलणे पोहोचले. क्यूएनएचमध्ये १० हेक्टापास्कलची चूक झाली तर उंचीदर्शक तीनशे फुटांच्या आसपास खोटे बोलतो, आणि ही चूक पकडण्याची एकमेव जागा परत वाचून दाखवलेले वाक्य हीच असते.

ती जागा दोन्ही बाजूंनी सुटली तर काय होते, याचे उदाहरण क्वालालंपूरचे आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगरचे मालवाहू बोईंग ७४७ उतरण्यासाठी येत होते. नियंत्रकाने २४०० फुटांवर येण्यास सांगितले, पण ते एकेक आकडा उच्चारून. आकड्यातला ‘टू’ वैमानिकांनी ‘पर्यंत’ या अर्थाने घेतला आणि उरलेले ४०० फूट ऐकले. त्यांनी ‘चार शून्य शून्य’ असे परत म्हटलेही. ते नियंत्रकाच्या लक्षात आले नाही. विमान टेकडीवर आदळून चौघेही गेले. परत वाचून दाखवणे झाले होते. ते ऐकणे राहून गेले.

आपल्या देशातले उदाहरण चरखी दादरीचे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी सौदी अरेबियाचे बोईंग ७४७ आणि कझाकस्तानचे आयएल-७६ हवेत एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे गेली, दोन्ही विमानांतले एकही वाचले नाही. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचे होते, सौदी विमान १४,००० फुटांवर होते आणि कझाक विमान आपली उंची सोडून खाली आले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत इंग्रजीचे अपुरे ज्ञान हे एक कारण म्हणून नोंदले गेले. आम्हाला या प्रकरणातला एक तपशील विशेष महत्त्वाचा वाटतो. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. ऐकणारा एक, हात दुसऱ्याचे. छोट्या विमानात हे दोघे एकाच खुर्चीत असतात, पण वैमानिक तोंडाने पाठ वाक्य म्हणत असेल आणि सूचना त्याच्या डोक्यात उतरलीच नसेल, तर परिस्थिती फार वेगळी राहत नाही.

इथे आपल्या मुलांबद्दल मनापासून लिहावेसे वाटते. धारूर, गेवराई, अंबाजोगाईकडची मुले मराठी शाळेतून शिकून या क्षेत्रात येतात. त्यांना इंग्रजी येत नाही हे खरे नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेली इंग्रजीची चौथी पातळी ती मेहनतीने गाठतात. अडते ते ‘पुन्हा सांगा’ म्हणायला. त्या वारंवारतेवर आणखी चार वैमानिक ऐकत आहेत, आपण विचारले तर आपल्याला काही येत नाही असे वाटेल, ही धास्ती. मग अर्धे कळलेल्या सूचनेवर पूर्ण आत्मविश्वासाचा ‘रॉजर’ जातो. प्रशिक्षकांनी जमिनीवर सूचनेचा अर्थ खुशाल मराठीत सोडवून सांगावा, प्रश्न मराठीत विचारू द्यावेत. माइकवर मात्र ठरलेली इंग्रजी वाक्येच हवीत. आणि ‘पुन्हा सांगा’ हे त्या ठरलेल्या वाक्यांपैकीच एक आहे, म्हणून त्याचाही सराव व्हावा. मनोऱ्यातल्या सहकाऱ्यांनाही विनंती : मिनिटाला शंभर शब्दांपेक्षा जास्त वेगाने बोलू नये हा नियम तुमच्यासाठीच आहे. एकट्याने येणाऱ्या छोट्या विमानाला एका श्वासात पाच सूचना दिल्या, तर त्यातली एक हमखास गळते.

कडेवर पोहोचताना रेडिओ गप्प झाला तर? परवानगी मिळालेली नसेल तर बाहेरच राहावे, ७६०० लावावे, हवामान स्वच्छ असेल तर जवळच्या योग्य ठिकाणी उतरून लगेच कळवावे. परवानगी मिळून वर्तुळात आल्यावर गप्प झाला तर मनोऱ्याकडे पाहावे : स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका.

शेवटी परीक्षेविषयी. रेडिओ बोलण्याचे आरटीआर प्रमाणपत्र पूर्वी दूरसंचार खात्याकडे होते. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपवले. परवाना आणि रेडिओ प्रमाणपत्र एकाच छपराखाली येणे ही अनेक वर्षांची मागणी होती आणि तिचे आम्ही स्वागत करतो. पण खिडकी बदलली आणि प्रश्नपत्रिका तीच राहिली, तर हाती काही लागणार नाही. आज मुले संपूर्ण उड्डाणाचे संवाद पाठ करून जातात. महासंचालनालयाने परीक्षेत पाठांतराबाहेरच्या तीन गोष्टी आणाव्यात : मध्येच बदललेली धावपट्टी, मुद्दाम चुकीचा ऐकवलेला क्यूएनएच आणि कडेवर मिळालेला ‘स्टँडबाय’. तिसऱ्या प्रसंगी जो उमेदवार पुढे जाईल, त्याला त्या दिवशी प्रमाणपत्र देऊ नये.