कायम झालेले संघ

जगात माणसांच्या दोनच तऱ्हा : प्रोबेशनवर असलेले आणि कायम झालेले. प्रोबेशनवरचा कारकून दहाच्या ठोक्याआधी टेबलावर असतो, लेजर कपाळाला लावतो आणि शिपायालासुद्धा ‘साहेब’ म्हणतो. कायम झाल्याचे पत्र हाती पडले की तोच गृहस्थ सव्वादहाला येतो आणि आधी चहा मागवतो. त्याचा स्वभाव बदललेला नसतो हो! आपल्याला आता कोणी खाली ढकलू शकत नाही, एवढेच त्याला कळलेले असते. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेत वीस वर्षे काढलेला. इतर विषयांत नसेल, पण या एका विषयात माझा शब्द प्रमाण माना. म्हणून सांगतो, भारतीय फुटबॉलचे दुखणे खेळाडूंच्या पायात नाही. ते कायम झाल्याच्या त्या पत्रात आहे.

फुटबॉलची लीग म्हणजे शिडी. वरच्या लीगमध्ये तळाला राहिलात की एक पायरी खाली. खालच्या लीगमध्ये पहिले आलात की एक पायरी वर. इंग्लंडातला ल्यूटन टाउन २००९ साली घसरत घसरत पाचव्या पायरीवर जाऊन पडला. तिथे दिवसा पोटापाण्याचा धंदा आणि संध्याकाळी सराव करणारे संघही असतात. पाच हंगाम त्यांच्याबरोबर चिखल तुडवून ल्यूटन वर निघाला आणि २०२३ साली प्रीमियर लीगमध्ये पोचला. २०२४ साली पुन्हा खाली! पण शिडी जागच्या जागी होती.

आपल्याकडे काय झाले? २०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली. नाव सुपर, झगमगाट सुपर, मात्र खालून येणारा जिना बंद. गोकुलम केरळ या संघाने २०२१ आणि २०२२, अशी लागोपाठ दोन वर्षे आय-लीग जिंकली. आमच्याकडे एखादा कारकून बढतीची परीक्षा सलग दोनदा पहिल्या नंबराने पास झाला, तर त्याला निदान गडचिरोलीला तरी पाठवतात. गोकुलमला टाळ्या मिळाल्या. जिन्याचे कुलूप उघडले ते २०२३ साली. त्या वर्षी पंजाबचा संघ आय-लीग जिंकून वर आला, पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहामेडन स्पोर्टिंग. छान झाले. पण वरून खाली कोण आले? कोणी नाही! २०१४ ते २०२५ या अकरा हंगामांत तळाला राहिला म्हणून एकही संघ खालच्या पायरीवर गेला नाही. २०२२-२३ च्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडने वीस सामन्यांत एक जिंकला, दोन बरोबरीत सोडवले आणि सतरा हरले. गुण पाच. पुढच्या हंगामात खुर्ची तीच, पंखाही तोच.

यावर शहाणी माणसे म्हणतात, “अहो, कोट्यवधी रुपये घालणाऱ्याला काही शाश्वती नको का? त्याच नॉर्थईस्टने २०२४ साली ड्युरँड कप जिंकला की नाही?” जिंकला, कबूल. पण ड्युरँडचा निकाल लागतो तो गटसाखळीनंतरच्या बाद फेरीत. तिथे हरलेला घरी जातो, तिथे कोणी कायम नसतो! आणि शाश्वतीचेच म्हणाल तर पुण्याकडे बघा. पुणे एफसी खालच्या लीगमधून खेळून २००९ साली आय-लीगमध्ये आला. २०१२-१३ च्या हंगामात दुसरा आला आणि २०१५ साली दुकान बंद. एफसी पुणे सिटी २०१४ साली थेट सुपर लीगमध्ये बसला. त्याला खाली जाण्याची भीती नव्हती, पण २०१९ साली तोही संपला. त्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ साली हैदराबादचा संघ दिल्लीला. बढती मिळेल याचा भरवसा नाही, पदावनती नाही, फक्त बदल्या. ही तर हुबेहूब आमची बँक!

यात भरडला जातो तो खालच्या लीगमधला खेळाडू. मुंबईच्या हारवूड लीगला शंभर वर्षे उलटून गेली. बँका, रेल्वे, गिरण्या यांच्या संघांतून पिढ्यानपिढ्या माणसे सकाळी सही करून दुपारी कूपरेजवर बूट बांधत आली. त्यांची नोकरी हेच त्यांचे मानधन. मस्टर मात्र कोणालाच माफ नाही. भारताकडून खेळलेल्या सी. के. विनीतला २०१७ साली हजेरी कमी भरली म्हणून सरकारी नोकरीतून काढले. मग हारवूड लीगमधल्या पोराने कोणाच्या तोंडाकडे बघावे? त्याला देण्यासारखी एकच गोष्ट असते : वर जाण्याची आशा. आणि कोणी खाली उतरल्याशिवाय वरची जागा रिकामी होत नाही, हे एस. टी.च्या थांब्यावर उभा असलेला कोणीही सांगेल.

माझी मागणी साधी आहे. गुणतक्त्यात शेवटचा येईल त्याने खाली जावे, मग मालक कितीही मोठा असो. खाली गेल्याने कोणी मरत नाही, ल्यूटनला विचारा. मरतो तो पहिला येऊनही जागच्या जागी राहणारा. फुटबॉल संघटनेने उगाच समित्या नेमू नयेत. फक्त प्रत्येक संघाला हंगामाच्या पहिल्या दिवशी एक कागद द्यावा : ‘आपली नेमणूक एक वर्षाच्या प्रोबेशनवर करण्यात येत आहे.’ मजकूर हवा तर मी टाइप करून देतो. पाच वाजल्यानंतर मला वेळच वेळ असतो. खरे म्हणजे आधीही असतो; मी कायम झालेला आहे.