बॉम्बर विमानातून सेवाग्रामला

मंडळी, आजोबांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवलं की तापायला वेळ घेणारा! ते व्हॉल्व्ह म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब. बीईला आमच्या सरांनी हा विषय एका तासात उरकला. पण एक ट्यूब अजून घरोघरी आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन.

२१ फेब्रुवारी १९४० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळ्या कोरलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून तो चालवला. चुंबकामुळे गोल फिरणारे इलेक्ट्रॉन पोकळ्यांच्या तोंडावरून जातात आणि बाटलीवर फुंकर मारल्यावर ती घुमते तशा त्या पोकळ्या घुमतात. लहर निघते सुमारे १० सेंटीमीटरची. त्याआधी विमानातलं रडार दीड मीटरच्या लहरीवर चाले, त्याला लांब अँटेना लागे. आता छोटी थाळी पुरली.

मग पेच पडला. विमान शत्रूच्या मुलखात पडलं तर? तांब्याचा ठोकळा स्फोटानेही पुरता नष्ट होत नव्हता. तरी जानेवारी १९४३ मध्ये बॉम्बर विमानं तो घेऊन निघाली, आणि फेब्रुवारीतच रॉटरडॅमजवळ पडलेल्या विमानातून तो जर्मनांच्या हाती लागला!

आता आपल्याकडे या. कॅन्सर निघाला की पांढुर्णा-सौंसरची माणसं नागपूर गाठतात, काही पुढे सेवाग्रामला जातात. मुंबईच्या 'समीर' या सरकारी संस्थेने बनवलेलं 'सिद्धार्थ' हे शेक देण्याचं यंत्र सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसवलं गेलं. त्याच्या पोटात मॅग्नेट्रॉनच. ओव्हनचा हजारेक वॅटचा, इथला क्षणभराच्या झटक्यांत लाखो वॅट देणारा. त्या जोरावर इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने धातूवर आदळतात आणि एक्स-रे निघतात. बॉम्बरमधली वस्तू गांधीजींच्या गावात, याची मला गंमत वाटते.

हे सगळं सांगण्याचं कारण वेगळं आहे. शेक घेऊन आलेल्या आजीला कित्येक घरांत वेगळ्या खोलीत ठेवतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. आजीही मुकाट्याने ऐकते. या यंत्रात मॅग्नेट्रॉन बंद झाला की किरण तिथेच थांबतात, अंगात काही उरत नाही. किरणोत्सारी औषध पोटात दिलं असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं वागायचं. पण बाहेरून शेक घेतलेल्या आजीच्या मांडीवर नातू त्याच संध्याकाळी बसू शकतो.