आठवड्याचा बाजार व प्रांताची आंखणी

नागपूरचें नांव रस्त्यांच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें तें १९४३ सालीं. येथें भरलेल्या मुख्य इंजिनियरांच्या परिषदेनें असें उद्दिष्ट ठरविलें कीं, शेतीच्या मुलखांतील कोणतेंही गांव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांहून दूर राहूं नये. विचार थोर खरा. परंतु कास्तकार घरून निघतो तो रस्त्यासाठीं नव्हे, बाजारासाठीं.

बाजारास शिस्त लावण्याचा मान आमच्या शेजारच्या वऱ्हाडाचा. कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजारांचा कायदाच झाला. मात्र बाजाराच्या समितींत व्यापारी बसले, पिकविणारास जागा नव्हती! गृहिणीस न विचारतां स्वयंपाकघर आंखावें, त्यांतलाच हा प्रकार. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानें शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींस समितींत स्थान दिलें, हें योग्यच झालें.

आंखणी करणारांनीं नकाशा गुंडाळून एकदां काटोल वा उमरेड येथील बाजार पाहावा, असें आम्हांस वाटतें. बाजारास आलेला मनुष्य माल विकतो, औषध घेतो, कचेरींतलें काम उरकतो, क्वचित् सोयरीकही जुळवितो. जर्मन भूगोलज्ञ ख्रिस्टालर यानें १९३३ सालीं अशा मध्यवर्ती ठिकाणांचें शास्त्रच मांडलें. आमच्या आजीबाईंस तें न वाचतांच ठाऊक होतें!

म्हणून दवाखाना, पेढी व गोदाम हीं बाजाराच्या गांवींच असावीं. त्यांतही गोदाम आधीं. संत्रें फार दिवस टिकत नाहीं. पण कापूस व तूर टिकतात. त्या ठेवावयास जागा नसली, तर दिवस मावळतांना मिळेल त्या भावानें विकाव्या लागतात.