खाली पाहून चालणारे मामा

समुद्रकिनाऱ्यावर गेलेला माणूस समुद्राकडे पाहतो, असा माझा आपला समज होता. गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या मामांनी तो खोटा ठरवला.

कारवारला जायचे ठरले तेव्हा मामांनाही बरोबर न्यावे, ही सूचना आमच्या सौभाग्यवतींची. मामींच्या पश्चात ते एकटेच असतात. रवींद्रनाथ टागोरांचे नाव दिलेल्या त्या लांबलचक पुळणीवर पोहोचताच मुले पाण्याकडे धावली, सौ. शिंपल्यांच्या मागे लागली, आणि मामा मात्र नजर वाळूत रोवून संथपणे येरझारा घालू लागले. मधूनच वाकत, काहीतरी उचलत आणि हातातल्या पिशवीत टाकत.

"मामांचं काही हरवलंय का हो?" सौ.ने हळूच विचारले.

मी जवळ जाऊन पाहिले. पिशवीत फुटक्या बाटलीच्या काचा होत्या!

"पोरं अनवाणी पळताहेत," मामा म्हणाले. "आणि मला सवयच आहे रे. जमीन पाहिल्याशिवाय पाऊल पडत नाही."

ही सवय कुठली, हे मला खरे तर ठाऊक असायला हवे होते. मामा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होते. ते रजेवर आजोळी आले की आम्हां भाचरांचे सारे लक्ष त्यांच्या काळ्या ट्रंकेकडे. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. आम्ही कार्टी मुद्दाम त्या बाजूला बसून त्यांच्याविषयी वाटेल ते बोलायचो आणि फिदीफिदी हसायचो. मामाही आमच्याबरोबर हसत. काही न कळता हसतात, म्हणून आम्हांला आणखीच हसू येई. तो कान कशाने गेला, हे विचारायचे मात्र एकाही भाच्याला सुचले नाही.

संध्याकाळी ‘चपळ’ ही जुनी युद्धनौका पाहायला निघालो. ती आता किनाऱ्यावरच संग्रहालय म्हणून ठेवली आहे. मुलांना तिच्यावर चढण्याची घाई. पण मामा जवळच्या पुतळ्यापाशी थांबले, टाचा जुळवल्या आणि त्यांनी कडक सलाम ठोकला.

"हे कोण, मामाआजोबा?" माझ्या धाकटीने विचारले.

"रामा राघोबा राणे. इथलेच, जवळच्या चेंडियाचे. आमच्या सॅपर्समधले."

मग मामांनी हकीकत सांगितली. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे आपली फौज निघाली होती. रस्त्यात शत्रूने सुरुंग पेरलेले, झाडे आडवी टाकलेली आणि वरून गोळ्यांचा मारा. ८ तारखेलाच राणे जखमी झाले, तरी ११ तारखेपर्यंत ते सुरुंग काढत, झाडे स्फोटकांनी उडवत पुढे सरकत राहिले. त्यांनी केलेल्या वाटेने रणगाडे राजौरीला पोहोचले. हयातीत परमवीरचक्र मिळालेल्या मोजक्या वीरांपैकी ते एक.

"म्हणजे ते लढले नाहीत? नुसता रस्ता केला?" धाकटीचा प्रश्न.

"लढणाऱ्यांना पुढे जायला रस्ता नको का, बाळ?"

"तुम्हीपण सुरुंग काढायचात?"

"१९७१ साली, पश्चिम सीमेवर. एक सुरुंग मला सापडण्याआधी माझ्या जोडीदाराला सापडला." मामांचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला. "तो गेला. माझा नुसता कान गेला."

मला त्या पुतळ्याकडे मान वर करून पाहवेना.

वाचकहो, वीस वर्षे मी वर्गात वीररस शिकवतो आहे. उत्साह हा त्याचा स्थायीभाव, हे मुलांकडून घोकून घेतो. आणि रात्री जेवणानंतर मामांबरोबर फिरायला निघालो, तर मराठीच्या या प्राध्यापकाला शब्द सापडेना. ‘आभार’ म्हटले की मला सभेच्या शेवटचे आभारप्रदर्शन आठवते. ते सुरू होताच लोक चपला शोधू लागतात. ‘धन्यवाद’ आपण परक्याला म्हणतो. आपल्या माणसाला म्हणावे, असे काय आहे आपल्याकडे?

अखेर धीर करून म्हणालो, "मामा, तुम्ही आमच्यासाठी फार केलंत."

मामा खाली पाहत चालतच राहिले. मग लक्षात आले, मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो. लहानपणीची जागा पायांनी बरोबर शोधली होती! मी वळसा घालून उजवीकडे आलो आणि आधी दुसरेच बोललो.

"मामा, लहानपणी आम्ही तुमच्या डाव्या बाजूला बसून तुमची टिंगल करायचो."

"ठाऊक होतं."

"ऐकू यायचं?"

"ऐकू कुठलं येतंय? पण तुम्ही हसताना दिसत होता ना! रजेवर घरी आलं की तुम्हां पोरांना हसताना पाहून बरं वाटायचं."

माझा घसा दाटला. मघाचे वाक्य कसेबसे पुन्हा म्हटले.

"पुरे," मामा म्हणाले. "पिशवी धर. पुढे काहीतरी चमकतंय."

मी पिशवीचे तोंड उघडून धरले.

यंदा दिवाळीला मामा आमच्याकडे येणार आहेत. फराळाला त्यांच्या उजव्या हाताशी कोणी बसायचे, यावरून मुलांची भांडणे आतापासूनच सुरू झाली आहेत.