भाव सांगताना धडधडतं? मग सूट द्यायची घाई कशाला?

‘लाजाळू माणसाने धंद्यात पडू नये’ हे मला अजिबात पटत नाही. ‘बिनधास्त बोला’ हा सल्ला तर त्याहून पटत नाही. लाजाळू माणसाचं नुकसान गप्प राहण्यापेक्षा घाईत बोलण्याने जास्त होतं, असं माझं मत आहे.

समजा, एक ताई घरगुती मसाला विकतात. किलोला खर्च ३४० रुपये, भाव ४२०. दुकानदाराने भाव ऐकला आणि नुसता गप्प बसला. झालं! छातीत धडधड, कान गरम, हाताला घाम. त्याने काही मागायच्या आधीच ताई म्हणतात, “बरं, तुम्हाला ३७० ला देते.” किलोमागे ८० चा नफा ३० वर आला. महिन्याला ५० किलो धरले तर अडीच हजार गेले. आणि समोरच्याने घासाघीस केलीच नव्हती हो! तो कदाचित मनात हिशोब करत होता.

यात पहिली गोष्ट म्हणजे धडधडीचीच भीती. काही माणसं चिंतेच्या लक्षणांनाच घाबरतात, हे राइस आणि मॅकनॅली या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलं. ‘माझी थरथर लोकांना दिसेल’ ही त्यातलीच एक भीती, आणि चारचौघांत बुजण्याशी तिचं नातं सगळ्यांत जवळचं.

दुसरी गोष्ट उतावळेपणा. व्हाइटसाइड आणि लायनम यांनी २००१ मध्ये त्याचे चार प्रकार सांगितले. त्यातला एक आपल्या कामाचा: मन अस्वस्थ झालं की विचार न करता काहीतरी करून टाकणं. ताईंनी सूट दिली ती धडधड थांबावी म्हणून. थांबलीही. म्हणूनच पुढच्या दुकानात हात पुन्हा तिकडेच जातो.

म्हणून मी म्हणतो, आत्मविश्वासाचं नंतर बघू. आधी भावपत्रक छापून न्या. भाव सांगितला की दुकानदार बोलेपर्यंत तोंड बंद. सूट जागेवर द्यायचीच नाही, “उद्या फोन करून सांगते” एवढंच.

आणि धडधडीची सवय करता येते. उपचारात मुद्दाम जिने चढायला लावून ती आणतात, म्हणजे ती धोक्याची नाही हे शरीराला कळतं. (हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) भीतीपायी दुकानात पाऊलच टाकवत नसेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.